एक जूनचं गाव

सुरूर फाट्याला यष्टी पुणे-सातारा रस्ता सोडून उजवीकडे वळते आणि तुम्ही १९८३ सालात शिरता. तारीख १३ जून, वार सोमवार. लगेच लक्षात येत नाही, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांचे वड तेव्हाही म्हातारेच होते आणि यष्टी तेव्हाही लालच होती. मग कंडक्टर पत्र्याच्या पेटीतलं रंगीत तिकीट फाडतो, चिमट्यानं त्याला भोक पाडतो आणि तुम्ही पुढं केलेली नोट उलटसुलट करून परत देतो. ‘ही कुठली हो, पाव्हणं?’ शेजारचे धोतरवाले बाबा काही न विचारता तुमचे पैसे भरतात. उरलेली मोड तुमच्याच हातावर ठेवतात : कंगोऱ्यांचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, सगळं ॲल्युमिनियमचं, फुंकलं तर उडेल इतकं हलकं. खिशातला मोबाइल खिशातच राहू द्या. आज ती नुसती काच आहे. कुणी पाहिलाच तर आरसा म्हणून खपून जाईल.

उजव्या हाताला पांडवगड. समोर पाचगणीच्या पठारावर ढगांची काळी कड दिसते, पण ती तिथंच थांबलीय. मृग लागून पाच-सहा दिवस झाले आणि पावसाचा पत्ता नाही. यष्टीत दुसरा विषय नाही. मृगाचं वाहन यंदा काय, यावर मागच्या बाकावर वाद पेटलाय. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघालं की लोक निर्धास्त होतात. गाढव किंवा कोल्हा निघाला की बियाणं आणायला जाणारा माणूस दोन दिवस थांबतो. वाईकरांना ढग दिसल्याचं कौतुक नसतं. महाबळेश्वर इथून फक्त तीसेक किलोमीटर, पण तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि खाली वाईत हजाराच्याही आत. घाटावर पाऊस डोळ्यांनी दिसतो, वारा त्याचा वास आणतो, आणि अंगणातली धूळ मात्र कोरडीच राहते. वर धोमचं नवं धरण झालंय, त्यामुळे नदीही आता आपल्या मर्जीनं येत नाही.

स्टँडवर उतरलात की पहिला प्रश्न येणार, ‘कुणाकडं आलाय?’ गावात बिनकामाचा माणूस कुणाच्या पचनी पडत नाही. उत्तर तयार ठेवा : ‘विश्वकोशात काम आहे.’ एवढ्यावर सगळे गप्प होतात. गंगापुरीत मराठी विश्वकोशाची कचेरी आहे, तिथं बाहेरगावचे चष्मेवाले, पिशवीवाले लोक सतत येतात-जातात; त्यांतलेच तुम्ही एक.

तसंच सरळ नदीवर जा. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून वळसा घाला आणि भिंत पाहा. ही भिंत सपाट नाही. माशाच्या आकाराची, नाकाशी निमुळती होत गेलेली आहे. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी देऊळ बांधलं तेव्हा गवंड्याला कृष्णेचा स्वभाव ठाऊक होता : पुराचं पाणी भिंतीवर आपटू नये, दुभंगून दोन बाजूंनी निघून जावं. आज मात्र नदी घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी मुकाट पडलीय. बायका धुणं आपटतायत. सोमवार, म्हणून काशीविश्वेश्वराकडे बेलाच्या पानांची ये-जा. कुठल्याशा माडीवरच्या रेडिओवर सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागतात. त्याच आवाजाचा पुढचा शब्द चार घरं सोडून दुसऱ्या खिडकीतून येतो, आणि तुम्ही आळीतून चालत गेलात तर एकही वाक्य न चुकता पूर्ण बातमीपत्र ऐकू येतं.

आज जूनचा दुसरा सोमवार. शाळा उघडणार. रस्त्यावरची वर्दळ त्याचीच आहे. कुणी थोरल्याची पुस्तकं निम्म्या किमतीत घेऊन धाकट्यासाठी खाकी कव्हरं घालतंय, कुणी नव्या पाटीची लाकडी चौकट नाकाला लावून वास घेतंय. छत्री दुरुस्त करणारा देवळाच्या ओट्यावर काड्या पसरून बसलाय. घाटावरून उतरलेल्या बायका द्रोणात जांभळं आणि शेवटची करवंदं विकतायत. पोरांच्या जिभा आधीच जांभळ्या झाल्यात. मृगाचा तांबडा मखमली किडा अजून कुठं दिसत नाही. काड्यापेट्या रिकाम्या करून ठेवल्यात, पण पहिला पाऊस झाल्याशिवाय तो जमिनीबाहेर यायचा नाही.

या पोरांच्या मागोमाग शाळेत जा. पहिलीच्या वर्गाबाहेर, व्हरांड्यात, टेबल टाकून गुरुजी बसलेत. डोक्यावर पांढरी टोपी, समोर जनरल रजिस्टर. हे रजिस्टर शाळेच्या सगळ्या वस्तूंत जड. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, आणि आत ज्याच्यावाचून पुढं आयुष्यभर काही अडेल असं सगळं. तुम्ही खांबाशी उभे राहा. कुणी हटकणार नाही. इथं आज प्रत्येक पोरामागं एक मोठं माणूस उभं आहेच.

पाळी आलीय ती सिद्धनाथवाडीच्या एका बाईची. नऊवारी, कपाळभर कुंकू, बोटाला धरलेलं पोरगं. पोराच्या केसांतलं तेल ओघळून कानामागं आलंय.

‘हात वर कर रे. असा. डोक्यावरनं पलीकडचा कान धर.’

पोरगं उजवा हात डोक्यावरून नेतं आणि डाव्या कानाची पाळी चिमटीत पकडतं. बोटं जेमतेम पोचतात, पण पोचतात. गुरुजी मान डोलावतात. वयाचा पुरावा झाला.

‘जन्मतारीख?’

‘तारीख न्हाई गुर्जी. बेंदराच्या दुसऱ्या दिशी झालाय.’

‘कुठल्या बेंदराच्या? कर्नाटकी का आपल्या?’

‘आपल्याच की. आखाडातल्या.’

‘आणि साल?’

बाई पोराकडं बघते, जणू त्याच्या तोंडावर लिहिलं असेल. मग म्हणते, ‘इंदिराबाई पडल्या न्हाईत का, त्या साली.’

टेबलाशी जमलेल्या सगळ्यांना साल कळलं. गुरुजींनाही कळलं. बाईनं दिलेला पत्ता इतका पक्का आहे की पंचांग उघडलं असतं तर पाच मिनिटांत तारीख निघाली असती : १९७७ चा आषाढ, पौर्णिमेची जवळीक, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा. पण १९७७ चं पंचांग व्हरांड्यात नाही आणि रांगेत अजून तीसेक पोरं आहेत. गुरुजी टाक शाईत बुडवतात आणि लिहितात : १-६-१९७७. मग शेजारच्या रकान्यात अक्षरी, काना-मात्रा सांभाळून, एक जून एकोणीसशे सत्त्याहत्तर. टिपकागद दाबतात. पोराचा जन्म झाला.

आता जरा वाकून त्यांच्या खांद्यावरून पान पाहा. जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचा. १-६. १-६. मध्येच एक ९-११, ते मामलेदार कचेरीतल्या कारकुनाचं पोर असणार, दवाखान्यातला कागद घेऊन आलेलं. मग पुन्हा १-६. त्याखाली गुरुजींना कंटाळा आलाय, तिथं नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघोट्या.

यामागं गूढ काही नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, सुरू व्हायच्या आत पोराचं वय भरलेलं दिसलं पाहिजे, आणि जूनची पहिली तारीख लिहायला सोपी. जन्म-मृत्यूच्या नोंदीचा कायदा १९६९ चा आहे, पण बाळंतपणं घरात होतात आणि सुईणीला लिहिता येत नाही. गावोगावच्या गुरुजींनी आपापल्या व्हरांड्यात बसून, एकमेकांना न विचारता, हाच दिवस काढला. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एका दिवशी येतो तो असा. काही गुरुजी गरज पडली तर वर्षही पुढं-मागं सरकवत. मला विचाराल तर त्याला लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या आईनं पोर आज आणलंय. उद्या शेण काढायला पाठवील, परवा गुरांमागं. ‘तारीख घेऊन या’ म्हणून परत पाठवलं असतं तर पुढचा जूनच उजाडला असता, किंवा तोही नाही.

बरं, एक जून दिवस म्हणून वाईट नव्हे. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली ती एक जूनला. नर्गिसचा जन्म त्याच दिवसाचा, त्याच सालचा. वर्षानं दख्खनची राणी पहिल्यांदा धावली, एक जून १९३०. आणि ज्या यष्टीतून तुम्ही सकाळी उतरलात तिची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली, ती एक जून १९४८ ला. तेलाचा ओघळ कानामागं घेऊन पाटीवर रेघा मारत बसलेल्या त्या पोराला अशी सोबत आहे, फक्त त्याला ती माहीत नाही.

दुपारी गंगापुरीत जा. सकाळी थाप मारली होती तिचं देणं फेडायचंय. विश्वकोशाच्या कचेरीत पंखे फिरतायत आणि कागदांवर दगड ठेवलेत. पहिला खंड १९७६ ला निघाला, पुढच्यांचं काम चालू आहे. मुख्य आसनावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वय ब्याऐंशी. इथं माणसाची नोंद लिहायची एक रीत आहे : नाव, आणि लगेच कंसात जन्म-मृत्यूच्या तारखा. दिवस, महिना, साल. तारीख सापडली नाही तर तिथं प्रश्नचिन्ह टाकतात, पण ‘एक जून’ टाकत नाहीत. ज्या गावातल्या रजिस्टरात आज सकाळी तीस पोरं एकाच दिवशी जन्मली, त्याच गावात पाचशे पावलांवर जगभरच्या माणसांच्या तारखा भिंगातून तपासल्या जातायत. मला वाईची ही गंमत फार आवडते आणि कुणी ती वाईला सांगितलेली दिसत नाही.

शेजारच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात स्थानिक वाढदिवस मोजा. तर्कतीर्थांचा २७ जानेवारी १९०१; शाळेतल्या पोरांच्या हातात जिची पुस्तकं आहेत त्या बालभारतीचाही २७ जानेवारीच, साल १९६७. खंबाटकीच्या पलीकडंच राहिलेल्या नायगावच्या सावित्रीबाईंचा ३ जानेवारी १८३१. याच गावात प्राज्ञपाठशाळेत शिकून गेलेल्या विनोबांचा ११ सप्टेंबर १८९५. ते गेल्या १५ नोव्हेंबरला गेले, म्हणजे त्यांच्या कंसात आता दुसरीही तारीख. आणि देव? देवांचं तर बोलायलाच नको. राम बाराच्या ठोक्याला जन्मतो, मारुती सूर्योदयाला, कृष्ण मध्यरात्री. दर वर्षी, मिनिटाचा फरक नाही, सुंठवडा वाटेपर्यंत. या आळ्यांत देवाची जन्मवेळ सगळ्यांना पाठ असते आणि स्वतःचं वय विचारलं तर माणूस म्हणतो, ‘असेल पन्नाशीच्या आसपास.’

संध्याकाळी चहा प्यायला बाजाराकडं या. सलून बंद, सोमवार आहे. त्यामुळे एरवी तिथं जमणारी मंडळी पानाच्या टपरीवर रेडिओभोवती उभी आहेत. खरखरीतून तुकडे ऐकू येतात. नॉटिंगहॅमला भारत-ऑस्ट्रेलिया सामना चालू आहे, विश्वचषकाचा.

‘चॅपेलनं शंभर मारले.’

‘कुठल्या? ग्रेगनं?’

‘न्हाई, तो तिसरा. तो सरपटी टाकनारा.’

हशा. दोन वर्षांपूर्वी भावाच्या सांगण्यावरून न्यूझीलंडला शेवटचा चेंडू सरपटी टाकणारा ट्रेव्हर चॅपेल आज ११० करून गेलाय. कपिलनं पाच बळी घेतले तरी साठ षटकांत ३२० झाल्या. टपरीवाला चुना लावता लावता निकाल देतो : ‘यांचं काय खरं न्हाई. उगं विमानाचं भाडं.’ सगळे माना डोलावतात.

तुम्हाला माहीत आहे. येत्या शनिवारी टनब्रिज वेल्सला कपिल काय करणार आहे, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, २५ जूनला, ज्येष्ठाच्या पौर्णिमेला, मध्यरात्रीच्या सुमारास हेच लोक याच टपरीसमोर काय करणार आहेत, हे इथं फक्त तुम्हालाच माहीत आहे. बोलू नका. बोललात तरी वेडा म्हणतील, तो प्रश्न नाही. पण त्यांचे हे बारा दिवस त्यांचे त्यांना मिळू द्या. पान घ्या, षटकोनी नाणं द्या, आणि चला.

मुक्कामाला मधल्या आळीतल्या एका वाड्यात माडीवरची खोली मिळते. खाली ओसरीवर पाटाभोवती रांगोळी निघतेय. नातीचा वाढदिवस, तिथीनं. ‘शाळेतला एक जूनला झाला, तो कोण करतो?’ आजी म्हणतात. त्यांच्याही घरात एक जून शिरलाय म्हणायचा. मुलगी परकर-पोलक्यात पाटावर बसते. ताम्हणात निरांजन, सुपारी, आजींच्या बोटातली सोन्याची अंगठी आणि अक्षता. आधी अंगठी-सुपारी ओवाळायची, मग निरांजन. केक नाही, मेणबत्ती फुंकणं नाही. इथं ज्योत विझवत नाहीत. शेवयांची खीर आहे. तुम्हालाही वाटी मिळते, कारण दारात असलेल्याला न विचारता वाटी देण्याची पद्धत आहे.

खीर खाताना तुम्ही उगाच आजींना त्यांचं वय विचारता.

‘मी मानमोडीतली,’ त्या म्हणतात.

म्हणजे १९१८ ची फ्लूची साथ. मग त्या बोटांवर मोजत घरातल्या सगळ्यांचे जन्म सांगतात आणि एकही तारीख उच्चारत नाहीत. थोरली लेक बेचाळीसच्या चळवळीतली, गावात पोलीस उतरले होते तेव्हाची. मुलगा गांधीजी गेले त्या साली; त्या जाळपोळीच्या दिवसांत तो पोटात होता, एवढं सांगून त्या विषय बदलतात. लेकीचा पहिला पुण्यात, पानशेत फुटलं तेव्हा. बाळंतिणीला माळ्यावर चढवली होती. दुसरा नातू कोयनेच्या भूकंपाचा. पहाटे भांडी मांडणीवरून पडली आणि त्याच आवाजात तो रडला, अशी त्यांची हकिकत. ही आज पाटावर बसलेली बहात्तरच्या दुष्काळातली, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरीच्या दिवसांतली.

तुम्ही मनात हिशोब लावता आणि सगळी सालं बरोबर जुळतात. १९४२, १९४८, १२ जुलै १९६१, ११ डिसेंबर १९६७, १९७२.

‘मधल्या एकीचं मात्र मला नीट सांगता येत नाही,’ आजी म्हणतात. ‘ती झाली त्या वर्षी काहीच झालं नव्हतं. पाऊस वेळेवर, पीक बरं, घरात सगळे धड. लक्षात काय ठेवायचं?’

दिवे जातात. कुणी ओरडत नाही. कंदील खुंटीवर तयारच असतो. पाठोपाठ कौलांवर मोठाले थेंब वाजतात, अंगणातली पोरं ‘आला आला’ करत पुढं धावतात, आजी गडबडीनं लोणच्याच्या कैऱ्या आत घ्यायला सांगतात. धुळीचा वास वर येतो आणि दहा मिनिटांत सगळं थांबतं. ‘मृगाचा नव्हे हा,’ ओसरीवरून कुणीतरी अंधारात निकाल देतं, ‘वळवाचाच उरलासुरला.’ गळतीखाली ठेवलेल्या पातेल्यात शेवटचा थेंब बराच वेळ पडत राहतो.

सकाळी सात-पाचच्या बातम्या तुम्ही पुन्हा आळीतून चालत चालत ऐकता. भारत सगळे बाद १५८. एकशे बासष्ट धावांनी हार. टपरीवाला तुम्हाला पाहून हात उडवतो, ‘म्हणलं नव्हतं?’

स्टँडकडं जाताना वाटेत शाळा लागते. दुसरा दिवस, घंटा व्हायचीय. कालचं पोरगं फाटकाशी उभं आहे. आज त्याला कुणी पोचवायला आलेलं नाही. पाटी थुंकीनं पुसून शर्टाच्या बाहीनं कोरडी करतंय. त्याला विचारा, ‘वाढदिवस कधी रे तुझा?’

‘बेंदराच्या दुसऱ्या दिशी.’

रजिस्टरातलं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते चौथीत कळेल, मग दहावीच्या अर्जात पक्कं होईल, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अंकी-अक्षरी दोन्ही छापून मिळेल. तो आज कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. पण महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत असेल तर एक हिशोब ठरलेला आहे. बहुतेक पदांना निवृत्तीचं वय ५८, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्याचा शेवटचा दिवस ३१ मे २०३५. बेंदूर त्यानंतर येईल.